खालच्या विहिरीला रंग आला

"वर कोणी आहे का?"

विहिरीनंच हाक मारली, असं मला क्षणभर वाटलं.

वैशाखातली सकाळ होती. आबा गेल्यापासून मी शेतातल्या विहिरीकडं फिरकले नव्हते. त्या दिवशी आईनं शेवग्याच्या शेंगा आणायला पाठवलं आणि पाय आपसूक तिकडं वळले. काठाशी पोचते तोच आतून आवाज आला. शांत, खोल, दगडांना घासत वर येणारा.

"कोण आहे?" मी विचारलं. वाकून बघायचा धीर नव्हता.

"विद्यापीठ."

मला हसू आलं. फार दिवसांनी. "अख्खं विद्यापीठ उतरलंय का आमच्या विहिरीत?"

"नाही... एकच माणूस आणि एक टेप. वर माझी विद्यार्थिनी आरसा धरून होती, ती चहाला गेली वाटतं. आरसा तुमच्या पायाशी असेल. जरा उजेड देता?"

आरसा होता. न्हाव्याच्या दुकानात असतो तसला, लाकडी चौकटीचा. मी त्यात ऊन पकडलं आणि आत सोडलं. उजेडाचा तुकडा काळ्या दगडावरून थरथरत खाली उतरला.

"डावीकडं. अजून थोडं... तिथंच. हलू नका."

"श्वास घेतला तर चालेल?"

"हळू घ्या."

तळाशी गुडघाभर पाण्यात एक पिवळं हेल्मेट दिसत होतं. चेहरा नाही. नुसता एक हात – नाडी बघावी तसा भिंतीवरून फिरणारा.

"तो लाल पट्टा दिसतो का तुम्हाला?" आवाज म्हणाला. "वर काळा दगड, खाली काळा दगड, मधे वीतभर लाल."

दिसत होता. लहानपणापासून दिसत होता, पण त्याच्याबद्दल कुणाला काही विचारावं असं कधी वाटलं नव्हतं.

"ती माती आहे. खालचा लाव्हा थंड झाला, मग खूप काळ काहीच घडलं नाही. पाऊस पडला, दगडाची माती झाली, तिच्यात काय काय उगवलं असेल... मग वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. तुम्ही आत्ता एका जुन्या जमिनीवर उजेड टाकलाय."

"किती जुन्या?"

"साडेसहा कोटी वर्षं. थोडं इकडं तिकडं."

उजेड हलला. आबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि त्यांचा आवाज आत्ताच अंधूक होऊ लागला होता, याची मला रोज भीती वाटायची. हा माणूस कोटींत बोलत होता, आणि वर थोडं इकडं तिकडं म्हणत होता.

तो लोखंडी कड्यांवरून वर आला तेव्हा कपाळावर लाल मातीचं बोट उमटलेलं होतं. सावळा, सडपातळ, उन्हानं डोळे बारीक केलेले. मी समोर आहे याचा त्याला अंदाज यायला थोडा वेळ लागला. मग तो उगाचच टेप गुंडाळू लागला.

"मी शहादेव. भूशास्त्र विभागात शिकवतो. आपलं गाव विद्यापीठानं दत्तक घेतलंय ना, त्यासाठी... सुंदरराव घरी आहेत का? गेल्या दिवाळीत भेटले होते. उन्हाळ्यात या म्हणाले, तळ दिसंल. त्यांना सांगायचं होतं, तुमची विहीर लई–" तो थांबला. "फार सुंदर आहे."

"आबा माघात गेले," मी म्हटलं.

त्यानं हेल्मेट काढलं. सगळे जे म्हणतात त्यातलं काहीच म्हणाला नाही. मग त्यानं विचारलं, "त्यांनी मला आतली एक खूण सांगितली होती. तुम्ही पाहिलीय?"

"कसली?"

"उतराल का? कड्या पक्क्या आहेत. मी खाली राहतो."

तेवढ्यात त्याची विद्यार्थिनी सायली चहाची किटली घेऊन आली आणि तिनं आरसा धरला. मी पदर खोचला आणि तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा आमच्या विहिरीत उतरले. वरचं ऊन मागं राहिलं. अंगाला गारवा लागला, ओल्या दगडाचा वास आला. लाल पट्ट्याच्या जरा खाली, काळ्या दगडात एक सरळ पन्हळ होती. हातभर लांब, बोटभर रुंद, सुरीनं कापावी तशी साफ.

"सुरुंगाचं अर्धं भोक," शहादेव हळू म्हणाला. "अर्धा दगड फुटून गेला, अर्धा राहिला. या भोकाची पहार त्यांनी स्वतः धरली होती. विशीतले होते म्हणाले. वरून घण पडायचा आणि प्रत्येक घावाला ते पहार थोडी फिरवायचे."

मी त्या पन्हळीत बोट ठेवलं. आतून गुळगुळीत होती. आबांच्या हाताइतका जुना हात मी कधी धरला नव्हता... आणि इतका तरुणही नाही.

शहादेव दुसरीकडं बघत उभा होता. त्याचं ते दुसरीकडं बघणं मला फार आवडलं.

*

घरी मोहनरावकाका आले होते. आबांचे धाकटे भाऊ. मनानं वाईट नाहीत, पण घाई त्यांच्या अंगातच आहे.

"वैनी, पोरीचं काय ठरलं? वर्षाच्या आत उरकलं तर उरकलं. माघ आला की तीन वर्षं थांबावं लागंल. तवा ती तेहतीसची हुईल."

आमच्याकडं तसंच मानतात. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत मंगलकार्य करून घ्यावं, नाही तर तीन वर्षं दाराला तोरण लागत नाही. काकांनी स्थळं आणायला सुरुवातही केली होती. मी बीडला एका कॉलेजात ग्रंथपाल. पगार बरा, रंग बरा, शेती बागायती. स्थळांना काय तोटा?

लग्नाची मला भीती नव्हती. भीती वेगळीच होती. आबांचं हे एकच वर्ष माझ्या वाट्याला आलं होतं आणि तेही साड्या, याद्या आणि हॉल बघण्यात निघून जाणार होतं. रडायलासुद्धा मुहूर्त बघावा लागणार होता. पण हे काकांना कोणत्या शब्दांत सांगायचं, ते मला कळत नव्हतं.

"बघू," आई म्हणाली. ती त्या वर्षभर सगळ्यालाच बघू म्हणत होती.

*

श्रावणात ग्रामसभा झाली. विद्यापीठाचे विभागप्रमुख आले, शाळेच्या भिंतीवर चित्रं दाखवली. म्हणाले, गाव आता आमचंच आहे, दत्तक घेतलंय.

खालच्या वस्तीवरची मंगल उठली. तिचा नवरा आणि ती दरसाल ऊसतोडीला जातात. गावात तिच्या जिभेला सगळे वचकून असतात. "दत्तक घेतलं म्हंता, मग वाटणी बी द्या की सायेब. जास्ती न्हाई, दोन एकर."

सभा हसली. प्रमुख पाणी प्याले आणि त्यांनी शहादेवला पुढं केलं.

त्यानं सांगितलं ते साधं होतं. आपल्या विहिरी जमिनीखालून कुठं कुठं जोडलेल्या आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. सुंदररावांची विहीर सगळ्यात वरच्या अंगाला. तिच्यात निरुपद्रवी हिरवा रंग टाकायचा, बाकीच्या विहिरींवर लोकांनी पहारा ठेवायचा. ज्या विहिरीत हिरवं उगवेल, तिचं पाणी तिथून येतं. तेवढे दिवस प्यायला टँकर.

"कवा टाकनार रंग?" मंगलनं विचारलं.

"पुढच्या सत्रात, डिसेंबरमध्ये," प्रमुख म्हणाले. "वेळापत्रक तसं बसवलंय."

"तवा आमी फडात. खालच्या इहिरीवर पहारा कोन करनार, कुत्री?"

प्रमुखांना फड म्हणजे काय ते कळलं नाही. निम्मं गाव दसऱ्यानंतर कुलपं लावून जातं, हे त्या वेळापत्रकात कुठंच नव्हतं. शहादेव मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, "दसऱ्याच्या सुट्टीत टाकू. मी माझ्या खर्चानं येतो."

"आन ते हिरवं आमच्या पोटात गेलं तर?"

त्यानं ग्लासभर पाण्यात रंगाचा कण सोडला. पाणी पोपटाच्या पिसासारखं झालं. त्यानं ते सगळ्यांसमोर गटागटा पिऊन टाकलं. मंगल खाली बसली.

सभा पांगल्यावर मी त्याला शाळेच्या ओसरीत गाठलं. "जीभ दाखवा."

"मॅडम, इथं माझे विद्यार्थी आहेत."

"जीभ."

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि दाखवली. हिरवीगार. सायली खांबाआड तोंड दाबून हसत होती.

"आता शिकवताना खोटं बोलून बघा," मी म्हटलं. "लगेच कळेल."

"मी मुळात कमी बोलतो."

"ते मला आवडतं," असं मी म्हणून गेले, आणि मग आम्ही दोघंही ओसरीवरून गळणाऱ्या पागोळ्यांकडं फार लक्षपूर्वक पाहू लागलो.

*

दर रविवारी तो पाण्याची पातळी मोजायला यायचा. मीही शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं बीडहून गावी यायचे. टेपचं एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं. तो आकडा सांगायचा, मी लिहायचे. मी त्याला वाचायला पुस्तकं द्यायचे, तो ती कडेला माती लागलेली परत करायचा.

"तुमच्या कादंबऱ्यांत माणसं फार बोलतात," एकदा म्हणाला.

"आणि तुमचे दगड?"

"ते विचारल्याशिवाय बोलत नाहीत."

"मग तुम्हालाही विचारावं लागेल..."

"काय?"

मी टेप सोडून दिली. ती सळसळत त्याच्याकडं गेली.

भादव्यात एकदा जोराची सर आली. आम्ही विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरलो. दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्याच्या शर्टाला ओल्या मातीचा वास होता. त्या आवाजात त्यानं मला सांगितलं, सगळं, एकदम, जणू कुणी अडवेल म्हणून. धारूर घाटाखालचं गाव. आईवडील अजून कोयता घेऊन जातात. तो स्वतः फडात, पाचटाच्या खोपीत जन्मलेला. विद्यापीठातली नोकरी तासावरची, पुढच्या जूनला असेल की नाही ठाऊक नाही.

"हे मला कशाला सांगताय?" मी विचारलं. मला ठाऊक होतं.

"नोंद असावी म्हणून."

"माझीही एक नोंद घ्या. काका माघाच्या आत माझं लग्न करणार आहेत. परळीचं स्थळ आहे. दसऱ्यानंतर बघायला येतायत."

पाऊस थोडा ओसरला. मग त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं, "मुलगा चांगला आहे का?"

मला इतका राग आला की मी तशीच भिजत घरी गेले.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबांच्या विहिरीत रंग पडला. आईनं स्वतः डबा उपडा केला. हिरवी रेघ पाण्यात उतरत गेली, पसरली, दिसेनाशी झाली. त्याच्याबरोबर या वेळी फक्त सायली होती. विद्यापीठाची गाडी नव्हती, एसटीनं आले होते.

त्याच्या गणितानं दुसऱ्या दिवशी कुठं तरी हिरवं दिसायला हवं होतं. दिसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पारावर चेष्टा सुरू झाली. विद्यापीठाचा रंग उडाला म्हणे. सायलीला घरून बोलावणं आलं, ती गेली. शहादेव शाळेच्या खोलीत राहून दिवसभर विहिरींवरून फिरत होता. खालच्या वस्तीवर तर ट्रक येऊन उभा होता, लोक भांडी बांधत होते. मंगलनं आपल्या नवऱ्याला सांगितलं, आणखी एक दिवस. मुकादम ओरडला, तरी ती हलली नाही.

आणि मधेच परळीचे पाहुणे आले.

मी आईची जरीची साडी नेसले होते. पोहे झाले, चहाचा ट्रे घेऊन मी बैठकीत गेले. मुलाचं नाव रविराज. औष्णिक केंद्रात इंजिनियर. गोरा, हसऱ्या डोळ्यांचा. त्यानं विचारलं, "तुम्हाला वाचनाची आवड आहे म्हणे," आणि मी उत्तर देणार, तोच दारात मंगल उभी राहिली. धाप लागलेली, पदर खांद्यावरून घसरलेला.

"ताई. आलं. खालच्या इहिरीत आलं."

"मंगल, पाव्हणे बसल्यात," काका म्हणाले.

"बसू द्या की. त्यास्नी कोन उठवतंय?"

मी हातातला ट्रे रविराजच्या हातात दिला आणि चप्पल न घालता निघाले.

तुरीच्या रानातून, ओढ्यातल्या गोट्यांवरून, टेकाड चढून-उतरून. मागून आई येत होती, काका हाका मारत होते, पाहुणे एकमेकांना विचारत होते. खालच्या वस्तीची विहीर साधी, कठडा नसलेली. तिच्याभोवती सगळी वस्ती उभी होती.

मी आत पाहिलं.

दुपारचं ऊन थेट पाण्यावर पडलं होतं. एका कडेच्या कपारीतून हिरवं झिरपत होतं आणि सावकाश सगळ्या विहिरीत पसरत होतं. आतून दिवा लावावा तशी ती विहीर उजळली होती. असा हिरवा रंग मी झाडात पाहिला नाही, शेतात पाहिला नाही. माझ्या पायाखालून, ओढ्याच्या खालून, टेकडीच्या पोटातून, कुणाला न दिसता ते पाणी चालत आलं होतं. आजच नव्हे. आबांनी पहार धरली त्याच्याही आधीपासून. आम्ही सगळे वर भांडत होतो, पेरत होतो, माणसं पोचवत होतो, आणि ते खाली आपलं चाललेलं होतं.

"म्हंजी..." मंगल हळू म्हणाली. "इतकी वर्सं आमी तुमचंच पानी पेत हुतो?"

"पानी कुनाचं नसतं मंगल," आई म्हणाली. आबा गेल्यापासून मी तिचा इतका स्थिर आवाज ऐकला नव्हता. "पर आलंय वरूनच."

काका काठावर आले. त्यांनी आत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शहादेव पलीकडच्या काठावर उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो विहिरीकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

मी वळसा घालून त्याच्यापाशी गेले. "उशीर झाला," मी म्हटलं.

"दगड वाटला त्याहून घट्ट निघाला. माझं गणित चुकलं."

"मी पाण्याचं बोलत नाहीये. घरात पाहुणे बसलेत आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

त्यानं हातातली रिकामी बाटली उगाच फिरवली. "रंग आल्यावर बोलणार होतो."

"आणि आलाच नसता तर?"

"तर..." त्यानं खरोखर विचार केला. "बसून राहिलो असतो. सुट्टी संपली असती, नोकरी गेली असती. मला तुझ्याशिवाय... तुमच्याशिवाय..."

"तुझ्याशिवाय बरोबर आहे."

मागं कुणी तरी घसा खाकरला. रविराज होता. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचे कप, निम्मे सांडलेले.

"हा कुठं ठेवायचा कळेना, म्हणून घेऊनच आलो," तो म्हणाला. एक कप त्यानं शहादेवला दिला. "घ्या. तुम्हाला गरज दिसते." मग विहिरीत बराच वेळ बघत राहिला. "आमच्या परळीत सगळं राखेच्या रंगाचं. असलं काही मी बघितलं नव्हतं." आणि माझ्याकडं वळून, हळू आवाजात, "मी घरी सांगतो पत्रिका जुळत नाही म्हणून. तुम्ही काही बोलू नका."

तो भला माणूस होता. त्याचं चांगलं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

*

काका आठवडाभर बोलत नव्हते. मग बोलले. "टोळीवाल्याचं घर. भाऊ असते तर–"

"त्यास्नी त्यो पोरगा आवडला हुता," आई म्हणाली. "उन्हाळ्यात ये म्हनले हुते त्याला. मी बसले हुते तिथंच."

काका बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिले. शेवटी आले ते वाट मोकळी करूनच. "ठीक हाय. करा. पर मग दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नानंतर लगेच. माघाच्या आत."

मी आनंदानं उडी मारायला हवी होती. जो हवा होता तोच मिळत होता. पण पुन्हा तीच घाई, फक्त नवरदेव बदललेला. मी रात्रभर हे उलटसुलट करून पाहिलं आणि सकाळी आई चुलीपुढं असताना म्हटलं, "मला माघाच्या आत नको. आबांसाठी वेळ हवाय. पुरा."

काका दारातच होते. "म्हंजी तीन वर्षं? येडी का खुळी? त्यो थांबंल?"

"तिला घाई न्हाई तर तुमाला कावून भावजी?" आई म्हणाली आणि तव्यावर भाकरी टाकली. त्या विषयावर ती एवढंच बोलली.

शहादेवला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांगावं लागेल. तिनं मनात लग्नाचा मांडव घालून ठेवलाय. रविवारी त्यांची टोळी निघतेय, मांजरसुंब्यावरून जाईल. तू सांगशील तिला? मला नाही जमणार."

मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रकची रांग लागली होती. भांडी, बाजा, पत्रे, शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे, आणि सगळ्यांच्या वर माणसं. शहादेव एका ट्रकपाशी उभा होता. वर बोचक्यांवर त्याची आई बसलेली. केशरबाई. बारीक, काटक, कपाळावर मोठं कुंकू.

"हीच का ती इहिरीवाली?" तिनं वरूनच विचारलं.

मी मान हलवली. मग तयार केलेलं सगळं विसरून, ट्रकच्या चाकाशी उभी राहून, वर तोंड करून सांगितलं. वडील गेलेत. मला अजून त्यांच्यापासून निघता येत नाहीये. शहादेवशिवाय दुसरं कुणी नको आहे, पण आत्ता नाही. तीन वर्षं लागतील.

केशरबाईनं मला नीट पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश, बाजारात पाटीतली भाजी बघतात तसं.

"तीन वर्षं म्हंजी तीन हंगाम," ती म्हणाली. "माझा बाप वारला तवा मी फडात हुते. तिसऱ्या दिवशी कोयता धरला. रडायचं ऱ्हाऊनच गेलं बग, अजून ऱ्हायलंय." तिनं शेजारचं बोचकं जरा सरकवलं. "तू सावकाश कर."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. केशरबाईनं हात खाली केला. खरखरीत, कोयत्याच्या घट्ट्यांचा. "चड वर. पाटोद्यापस्तोर चल संगं. तितून यष्टीनं माघारी जा. नुसतं रस्त्यावर हुबं ऱ्हाऊन कुनी सून बघतं का?"

मी शहादेवकडं पाहिलं. तो हसू दाबत होता. मी चाकावर पाय दिला, तिचा हात धरला आणि वर चढले. तिनं मला बोचक्यांमध्ये बसवलं आणि कोंबडीची दुरडी माझ्या मांडीवर ठेवली. शहादेव मागून चढून माझ्या शेजारी आला. ट्रक घाटाच्या वळणाला लागला. इतक्या वरून मी बालाघाट कधी पाहिला नव्हता. उतारावर उतार, ज्वारीची कोवळी रानं, आणि ठिकठिकाणी विहिरींची गोल काळी तोंडं. त्या सगळ्यांखालून कुठून कुठं काय वाहत होतं, ते अजून कुणाला माहीत नव्हतं.

"तू मला विचारलंच नाहीस," तो वाऱ्यात, माझ्या कानाशी म्हणाला. "मी थांबेन की नाही ते."

"विचारते. थांबशील?"

त्यानं माझा हात हातात घेतला. आईसमोर, टोळीसमोर, उघड्या रस्त्यावर.

"थांबणार नाही," तो म्हणाला. "येत राहीन."